औषधांच्या फ्रिजचं तापमान पुन्हा पुन्हा २–८ अंश सेल्सिअसच्या बाहेर जातंय? नॉबला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. सकाळी नोंदवहीत किमान तापमान ०.८ लिहिलेलं दिसतं. घाबरून कुणीतरी नॉब थोडा कमी करतं. दुपारच्या शिफ्टला कमाल ९.४ दिसतं, म्हणून दुसरं कुणी तो पुन्हा वाढवतं. आठवडाभर हे चालतं, मग मेकॅनिक येतो, "फ्रिज ठीक आहे" म्हणून जातो आणि सोमवारी पुन्हा ०.८.

मेकॅनिक बऱ्याचदा खरंच सांगत असतो. थंडावा तयार होण्यात काहीच बिघाड नसतो. अडचण असते ती तापमान किती वरखाली होतंय यात. हा झोका मोजला नाही तर नॉब कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

आधी औषधं, मग फ्रिज

बिघाड शोधायला लागण्यापूर्वी आतली औषधं सुरक्षित करा. तपासलेला दुसरा फ्रिज असेल तर त्यात हलवा. नसेल तर जाड थर्माकोलचा किंवा औषधांसाठीचा कूलबॉक्स घ्या आणि त्यात थंड पाण्याचे पॅक ठेवा. गोठवलेले नकोत, फ्रिजमध्ये थंड केलेलेच हवेत. गोठवलेलेच हाताशी असतील तर ते बाहेर काढून ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज येईपर्यंत थांबा, पुसून कोरडे करा, आणि पॅक व औषधं यांच्यात पुठ्ठा किंवा टॉवेलची घडी ठेवा. फ्रीजरमधून थेट काढलेला पॅक इन्सुलिनच्या पेनला चिकटवून ठेवला, तर ज्या नुकसानीपासून औषध वाचवायचं तेच नुकसान आपण स्वतः करतो. बॉक्समध्ये थर्मामीटर हवाच.

औषधं एका पिशवीत घालून "वापरू नका, चौकशी चालू" अशी चिठ्ठी लावा आणि फार्मासिस्टला फोन करा. फोन करताना हाताशी ठेवायची माहिती: तापमान शेवटचं बरोबर कधी दिसलं, चुकीचं कधी लक्षात आलं, किमान आणि कमाल आकडा, अंदाजे किती वेळ, आणि प्रत्येक औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत व उघडल्याची तारीख. "फ्रिज बंद पडला होता, काय करू?" एवढ्यावर कुणीच नीट उत्तर देऊ शकणार नाही.

लगेच फेकूही नका आणि गुपचूप परतही ठेवू नका. काही औषधं थोडा वेळ उबेत राहिली तरी चालतात, आणि किती वेळ चालतात याची माहिती उत्पादकाकडे असते. पण ही सवलत प्रत्येक वेळी नव्याने मिळत नाही, आधी गेलेला वेळ त्यात मोजला जातो. म्हणून परत वापरायला परवानगी मिळाली, तर त्या खोक्यावर तारीख, तापमान आणि कालावधी लिहा. पुढच्या वेळी चौकशी करणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

गार बाजूची भीती जास्त बाळगा

बहुतेक कर्मचारी ९ किंवा १० आकडा पाहून दचकतात आणि १ पाहून "थंड आहे, बरं आहे" म्हणतात. खरं तर उलट हवं. बरीच औषधं काही तास १० अंशांवर राहिली तर वाचण्याची शक्यता असते. शून्याखाली गेलेलं इन्सुलिन मात्र गेलंच. हिपॅटायटिस बी, धनुर्वात अशा ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशी एकदा गोठल्या की त्यांची ताकद परत येत नाही. प्रथिनांपासून बनलेल्या इतर इंजेक्शनांमध्येही गोठल्यावर गुठळ्या धरतात, आणि त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही.

इन्सुलिनचं उदाहरण जवळून पाहू. दुधाळ दिसणारं इन्सुलिन गोठून वितळलं, तर पेन हळूच उलटंसुलटं केल्यावर पांढरे कण काचेला चिकटलेले दिसतात, द्रव एकसारखा होत नाही. इथे निदान सुगावा लागतो. पण स्वच्छ पाण्यासारखं इन्सुलिन वितळल्यावर पुन्हा पाण्यासारखंच दिसतं. पेन नवंकोरं, मुदत शिल्लक, आणि आतलं औषध अर्धमेलं. ते टोचल्यावर साखर उतरत नाही, म्हणून डोस वाढवला जातो. मग नवं, चांगलं पेन उघडलं जातं आणि त्याच वाढीव डोसने साखर धाडकन खाली येते. ज्यांना घाम फुटल्याचं, गरगरल्याचं नीट सांगताही येत नाही अशा वृद्ध माणसाच्या बाबतीत हे काय होऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको. शिवाय गोठताना द्रव फुगतो आणि पेनमधल्या काडतुसाला (औषधाच्या नळीला) केसाएवढी चीर जाऊ शकते. गोठल्याचा संशय असलेलं इन्सुलिन फक्त रंगरूप पाहून वापरात परत आणू नका.

पहिली शंका थर्मामीटरवर

बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात, म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

रोज तंतोतंत तोच किमान किंवा कमाल आकडा येतोय का? सलग चार दिवस कमाल ११.४ असेल, तर ११.४ एकदाच झालं होतं आणि त्यानंतर कुणी रीसेट दाबलेलं नाही. किमान-कमाल थर्मामीटर शेवटच्या रीसेटपासूनचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, रोज आपोआप नवी सुरुवात करत नाही. क्रम असा ठेवा: दार उघडण्याआधी सध्याचा, किमान आणि कमाल असे तीन आकडे लिहा, रीसेट दाबा, तिन्ही आकडे एकसारखे झाले का बघा, मग सही. नोंदवहीत "रीसेट केलं" असा स्वतंत्र रकाना नसेल तर आजच आखा.

थर्मामीटर आत ठेवून वाचण्यासाठी बाहेर काढता का? मग कमाल आकडा तुमच्या हाताचा आणि खोलीचा आहे. वायरवाला सेन्सर आत आणि पडदा बाहेर, असंच उपकरण घ्या. कपाळाचा ताप मोजायची किंवा स्वयंपाकघरातली गन इथे कामाची नाही, ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते.

सेन्सर कुठे आहे? मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो भिंतीचं तापमान सांगतोय. दारात असेल तर दाराचं. तो मधल्या कप्प्यावर, औषधांच्या खोक्यांमध्ये, कुठल्याही भिंतीला न चिकटता हवा. आणि तो उघडा हवेत नको, ग्लायकॉल या सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या छोट्या बाटलीत बुडवलेला हवा. अशी बाटली सेन्सरसोबत मिळते. तात्पुरती सोय म्हणून औषधाच्या व्हायलएवढ्या (इंजेक्शनच्या छोट्या कुपीएवढ्या) बाटलीत ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं भरून चालतं, त्यावर मात्र ठळक लेबल लावा. दार उघडल्यावर हवा एका मिनिटात तापते, बाटलीतला द्रव तापत नाही, आणि व्हायलमधलं औषधही तापत नाही. आपल्याला औषधाचं तापमान हवंय. बाटली फार मोठीही नको. अर्धा लिटरच्या बाटलीत बुडवलेला सेन्सर इतका सुस्त होतो की खरी गडबड उशिरा कळते.

आकडाच खोटा आहे का, हे बर्फाने तपासा. थर्मासमध्ये किंवा जाड मगमध्ये स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून काठोकाठ भरा. फटी भरतील एवढंच गार पाणी घाला. बर्फ तळापासून वरपर्यंत हवा, तो पाण्यावर तरंगत असेल तर पाणी जास्त झालंय, काढून टाका. ढवळा, सेन्सर मधोमध धरा, कडेला किंवा तळाला टेकवू नका, तीन ते पाच मिनिटं थांबा. आकडा उणे ०.५ ते अधिक ०.५ मध्ये स्थिरावला तर सेन्सर विश्वासाचा. अधिक १.५ दाखवत असेल, तर तुमच्या फ्रिजमधले "२.०" खरे ०.५ आहेत. तो सेन्सर बदला. आकड्यातून मनात वजाबाकी करत बसू नका, रात्रपाळीला ती कुणाच्या लक्षात राहणार नाही. सेन्सर ग्लायकॉलच्या बाटलीतून निघत नसेल, तर शेजारी प्रमाणित केलेला दुसरा थर्मामीटर चार-पाच तास ठेवून दोन्ही आकडे जुळवा.

आता वजाबाकी करा

थर्मामीटर खरा आहे हे कळल्यावर गेल्या सात दिवसांतला रोजचा कमाल वजा किमान असा फरक काढा. सगळ्या तपासणीत हेच सगळ्यात उपयोगाचं गणित आहे.

२ ते ८ ही खिडकी ६ अंशांची आहे. किमान ०.८ आणि कमाल ९.४ म्हणजे फरक ८.६. साडेआठ अंशांचा झोका सहा अंशांच्या खिडकीत कुठल्याही नॉबने बसणार नाही. खाली सरकवला तर तळ गोठणार, वर सरकवला तर माथा तापणार. इथे नॉब जिथे आहे तिथेच राहू द्या आणि झोका कमी करा.

उलट किमान ०.५ आणि कमाल ५.० असेल तर फरक ४.५. झोका ठीक आहे, तो फक्त खाली सरकलाय. मध्य साधारण २.७ वर आहे, तो ५ च्या आसपास आणायचा. इथे, आणि फक्त इथेच, नॉब कामाला येतो. बऱ्याच फ्रिजवर १ ते ७ असे आकडे असतात. ते अंश नव्हेत, आणि सहसा मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. एका वेळी अर्धा किंवा एक आकडा फिरवा, मग २४ तास काहीही बदलू नका. नॉबवर चिकटपट्टी लावून तारीख आणि स्थिती लिहा. नॉब फिरवण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. तीन शिफ्टमध्ये तीन हात फिरू लागले की कारण कधीच सापडत नाही.

झोका कुठून येतो

तुमच्याकडे दर ५ ते १५ मिनिटांनी नोंद करणारा लॉगर असेल तर आलेखाचा आकारच उत्तर देतो. नसेल तर आठवडाभर उसना आणा.

दिवसरात्र ठराविक तासांनी येणारी, झटकन चढून उतरणारी छोटी टोकं म्हणजे आपोआप बर्फ वितळवणारं चक्र. अशा फ्रिजमध्ये हीटर मधूनमधून थोडा वेळ चालू होतो आणि मागच्या नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. सेन्सर उघड्या हवेत असेल तर हे दिसणारच. ग्लायकॉलमध्ये बुडवल्यावर टोकं सपाट झाली तर प्रश्न मिटला. द्रवातही ८ च्या वर जात असेल तर हीटर वेळेवर बंद होत नाहीये, ते मेकॅनिकचं काम.

टोकं फक्त औषध वाटपाच्या वेळी येत असतील तर कारण दार आहे. दार उघडं ठेवून शोधाशोध होते: कुणाचं पेन, कुठला कप्पा, उघडलेलं की बंद. प्रत्येक व्यक्तीचा नाव लिहिलेला जाळीचा ट्रे ठेवा आणि कुठल्या कप्प्यात काय आहे याची यादी दाराच्या बाहेर लावा. आधी यादी वाचायची, मग दार उघडायचं, सगळं एकदम काढायचं. एवढ्याने फरक पडतो.

दिवसभर हळूहळू चढत जाणारी रेघ असेल तर मागे बघा. कंडेन्सरच्या जाळीवर धूळ बसली की उष्णता बाहेर फेकली जात नाही. प्लग काढून मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा, वर्षातून किमान दोनदा. मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा सोडा, फ्रिजच्या पुस्तिकेत जेवढी सांगितली असेल तेवढी. ती हाताशी नसेल तर मागे १० सेंटिमीटर धरा. ऊन, ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र), कपडे वाळवायचं मशीन शेजारी नको. खोलीचं तापमानही मोजा. घरगुती फ्रिजच्या आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: "एन" म्हणजे १६ ते ३२ अंशांची खोली, "एसटी" १६ ते ३८, "टी" १६ ते ४३. ३२ पर्यंतचा फ्रिज ३७ अंशांच्या खोलीत ठेवून त्याच्याकडून स्थिर ५ ची अपेक्षा करता येत नाही. थंडीत खोली १६ च्या खाली गेली तरीही फ्रिज विचित्र वागतो, हे फार जणांना माहीत नसतं.

रात्री २ च्या खाली, दिवसा ठीक: हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात धोक्याचा नमुना. दिवसभर दार उघडझाप होतं, खोली तापते, म्हणून कुणीतरी नॉब जास्त थंडवर ठेवतं. रात्री दार आठ तास बंद, खोली गार, नॉब मात्र दुपारच्याच जागी. यावर उपाय म्हणजे आत थंडाव्याचा साठा वाढवणं. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दाराच्या कप्प्यात आणि तळाच्या भाजीच्या जागेत ठेवा (तिथला ट्रे काढून टाका, त्या दोन्ही जागी औषधं तशीही ठेवायची नसतात). पाणी तापायला आणि निवायला वेळ घेतं, त्यामुळे दोन्ही टोकं आत ओढली जातात. बाटल्यांवर "पिऊ नका, काढू नका" लिहा. साध्या पाण्याच्या बाटल्या एकदम सगळ्या आत ठेवल्या तर तेवढ्याने तापमान चढेल, म्हणून आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये गार करून आणा. हवेच्या झरोक्यासमोर बाटली नको. दारात इतकं वजनही नको की दार खाली झुकेल.

दार झुकलं की रबर नीट बसत नाही. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. हलकी ओढ लागली पाहिजे. सरळ निसटून आली तर तिथून हवा जाते. वरची कड, बिजागरीची बाजू आणि चारही कोपरे तपासा, फक्त हँडलजवळ नको. रबराच्या घड्यांमध्ये सांडलेलं सिरप आणि धूळ साठते, कोमट साबणपाण्याने पुसा. वाकडं झालेलं रबर हेअर ड्रायरच्या मंद उबेने मऊ करून बोटाने सरळ करता येतं. फाटलं असेल तर बदला. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे सोडलेलं दार आपोआप बंद होतं.

फ्रिजच चुकीचा असेल तर

एकच दार आणि आत वरच्या बाजूला बर्फाचा छोटा कप्पा, असा फ्रिज औषधांसाठी वापरू नका. त्या कप्प्यातून थंडी सरळ खाली ओघळते. लगेच खालच्या फळीवर उणे अंश आणि दारापाशी १० अंश, एकाच वेळी. वर सांगितलेलं काहीही करून हा फरक मिटत नाही. पंख्याने हवा फिरवणारा, आकडे दाखवणारं नियंत्रण, वर-खाली दोन्ही बाजूंचा अलार्म आणि कुलूप असलेला औषधांचा फ्रिज मागा, आणि मागताना ती सात दिवसांची वजाबाकी सोबत जोडा. "फ्रिज जुना झालाय" यापेक्षा ते पान जास्त बोलतं.

अलार्म सारखा वाजतो म्हणून त्याची वरची मर्यादा ८ वरून १० करणं हा उपाय नव्हे. सेन्सर द्रवात बुडवा, टोकं गेली की नाहक वाजणं बंद होईल. मर्यादा वाढवली तर खरोखर गरज असताना तो गप्प राहील.

भरण्याच्या चुका

खोकी मागच्या भिंतीला आणि एकमेकांना घट्ट चिकटवून रचू नका, दोन-तीन बोटांची फट ठेवा. झरोक्यासमोरची जागा रिकामी. औषधं मूळ खोक्यातच, कारण बऱ्याच औषधांना उजेडही बाधतो. डबे, दूध, रक्त-लघवीचे नमुने यांचा इथे काही संबंध नाही.

बऱ्याच फ्रिजमध्ये गर्दी असते ती तिथे नकोच असलेल्या वस्तूंची. वापरात असलेलं इन्सुलिन पेन बहुधा खोलीच्या तापमानाला ठेवता येतं, अनेक प्रकारांत २८ दिवस, काहींत जास्त, औषधासोबतच्या पत्रकात बघा. सुई लावलेलं पेन तर कुठेच ठेवू नका. गार-गरम होताना सुईतून हवा आत शिरते आणि डोस चुकतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं तर घट्ट होतं. उलट टेरिपॅराटाइडचं (हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध) पेन उघडल्यावरही फ्रिजमध्येच लागतं, आणि २८ दिवसांनी टाकायचं असतं. लॅटानोप्रोस्टचे (काचबिंदूवरचे) डोळ्यांत घालायचे थेंब बंद असताना सहसा फ्रिजमध्ये आणि उघडल्यावर बाहेर चालतात, पण उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहिलेली हवी, खोक्यावर नाही. खोकं आधी कचऱ्यात जातं.

प्लग थेट भिंतीत, एक्सटेन्शन बोर्डवर नाही. बटणावर पट्टी आणि "बंद करू नका". मोबाइल चार्जरसाठी किंवा फरशी पुसताना काढलेला प्लग हे फ्रिज बंद पडण्याचं अगदी साधं आणि वारंवार घडणारं कारण आहे.

दुरुस्तीनंतर औषधं परत कधी ठेवायची

आकडा ५ दिसला की लगेच भरू नका. पाण्याच्या बाटल्या आत ठेवून, औषधांविना, फ्रिज ४८ तास चालू द्या. त्यात किमान दोन रात्री आल्या पाहिजेत. जमलं तर तीन सेन्सर लावा: वरची फळी, मधली, खालची. तिन्ही ठिकाणी किमान २ च्या वर आणि कमाल ८ च्या आत राहिलं तरच औषधं आणा, तीही फार्मासिस्टने परवानगी दिलेलीच. एखादी फळी सारखी २ च्या काठावर येत असेल तर तिच्यावर लाल पट्टी लावून ती कायमची रिकामी ठेवा. औषधं ठेवल्यावर पहिले तीन दिवस दिवसातून दोनऐवजी चार वेळा नोंद घ्या, कारण भरलेल्या फ्रिजमध्ये हवा वेगळी फिरते आणि रिकाम्या फ्रिजने दिलेला आकडा तेव्हा बदलू शकतो.